सासूबाईंशी पत्ते

“एक राणी,” सासूबाई म्हणाल्या, पत्ता उलटा टाकला आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत बसल्या.

माझ्या हातात दोन राण्या होत्या. दोघीच खेळणाऱ्या असल्या की आम्ही अर्धे पत्ते बाजूला काढून ठेवतो. नाहीतर आपल्या हातातले पाहून समोरचीचे सगळे कळतात आणि मग खोटं बोलण्यात मजा राहत नाही. म्हणजे उरलेल्या दोन राण्यांपैकी एखादी सासूबाईंकडे असेलही, नसेलही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

“टाकतेस का पास म्हणतेस? मला चहा हवाय.”

चहाचं नाव काढलं म्हणजे घाई आहे. घाई आहे म्हणजे खोटं आहे. पण मागच्या डावात चहाचं नाव काढलं तेव्हा पत्ता खरा निघाला होता, आणि ते माझ्या लक्षात असणार हे त्यांनाही ठाऊक. मी बराच वेळ डोकं खाजवलं.

“खोटं,” मी म्हणाले आणि पत्ता उलथला.

बदामाची राणी.

सगळा ढीग मला उचलावा लागला. खेळच तसा आहे. पत्ते उलटे टाकायचे, काय टाकले ते तोंडाने सांगायचं, खरं सांगा नाहीतर थाप मारा. समोरचीला संशय आला तर तिने ‘खोटं’ म्हणायचं. थाप निघाली तर टाकणारीने ढीग उचलायचा, खरं निघालं तर संशय घेणारीने. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. माझा भाऊ ह्या खेळात वस्ताद होता. तो म्हणायचा, ह्यात पत्ते वाचायचे नसतात, तोंड वाचायचं असतं. माहेरी मी भावालाही हरवत असे. सासरी मात्र माझं काही चाललं नाही.

“बघतेस काय, चहा टाक,” सासूबाई म्हणाल्या.

मी उठले. त्या दिवशी माझं डोकं पत्त्यांत नव्हतंच. सकाळी मी शिवलेल्या कॉलरींचा गठ्ठा कारखान्यात द्यायला गेले होते, आणि तिथल्या मॅडमनी मला आतल्या हॉलमध्ये नेऊन एक खुर्ची दाखवली होती.

मी घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवते. कारखान्यातून कापलेले तुकडे येतात. मधे बक्रमचं कडक कापड घालून तीन बाजूंनी टीप मारायची, कोपरे कातरायचे, कॉलर उलथायची, बोथट काडीने टोकं बाहेर काढायची आणि मग वरून पुन्हा टीप. उरलेला शर्ट कसा होतो, कुणाच्या अंगावर जातो, मला माहीत नाही. माझी मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. लग्न झाल्यापासून मी त्या भिंतीचा रंग तीनदा बदललेला पाहिला. माझ्या आयुष्यातल्या घडामोडी विचाराल तर साधारण एवढ्याच.

“तपासायच्या टेबलावरच्या बाई निवृत्त होतायत,” मॅडम म्हणाल्या. “ही खुर्ची तुम्ही घ्या. पुढच्या सोमवारपासून या. कायमची जागा आहे.”

“मी?”

“मग कोण? तुमच्या कॉलरींत परत पाठवायला एक सापडत नाही, मुली जळतात तुमच्यावर. शनिवारपर्यंत सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरी बघावी लागेल.”

लांबलचक टेबल होतं, वर पांढरे दिवे. दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या आणि काहीतरी सांगून हसत होत्या. एकीने मला सरकून जागा दिली, मी उगीच बसले. समोर भिंत नव्हती. समोर माणसं होती. मला त्या बायकांचा इतका हेवा वाटला की मी लगेच उठले.

आता तुम्ही म्हणाल, मग हो म्हणायचं, त्यात काय एवढं. त्यात सासूबाई होत्या.

आमच्या सासूबाई खाष्ट नाहीत. खाष्ट सासू परवडली, ती काय करणार हे आधी कळतं. ह्यांचं काहीच कळत नाही. आज भाजी छान झाली म्हणतील आणि उद्या तीच भाजी ताटाच्या कडेला सारतील. कुणाच्या मरणाची बातमी ऐकून ‘बरं झालं सुटला’ म्हणतील, आणि शेजारणीच्या कुंडीतलं झाड वाळलं म्हणून दिवसभर जेवणार नाहीत. बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. मी काही महत्त्वाचं सांगायला गेले की मान वळवून खिडकीकडे, नाहीतर कपाटाकडे बघत राहतात. अलीकडे तर हे फारच वाढलं होतं. सुनेची किंमत कपाटाहून कमी, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

लग्नाआधी मी अशाच एका कारखान्यात शिलाईच्या लाइनवर होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भीत भीत म्हणाले, “आई, मी कामावर पुन्हा जाऊ का?” त्या ओट्यापाशी होत्या. उत्तर आलं नाही. हातातलं पातेलं मात्र असं आपटलं की झाकण घरभर फिरलं. मी समजायचं ते समजले. पुढे मुलगी शाळेत जायला लागल्यावर कपडे कापायचं शिकवणाऱ्या एका वर्गाला नाव घालायचं मनात आलं. रात्री जेवताना विषय काढला. सासूबाई उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तेही मी समजले. त्यानंतर विचारायचं धाडस झालं नाही. मुलगी मोठी झाली, नोकरीला बाहेरगावी गेली. घरात राहिलो आम्ही दोघी आणि आठवड्यातले दोन दिवस आमचे हे, जे दूरच्या बसवर ड्रायव्हर आहेत.

त्यामुळे ह्या वेळी मी ठरवलं की सरळ विचारायचंच नाही. डाव टाकायचा.

पहिला डाव मंगळवारी टाकला. भाजी निवडताना म्हणाले, “आई, खालच्या मजल्यावरच्या सुनेला म्हणे नोकरी लागली. सासूनेच पाठवलं तिला.”

“कोणती सून?”

“ती हो, उंच.”

“तिला सासू कुठाय? सासू वारून किती वर्षं झाली!”

हे मी विसरलेच होते. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, इथे चोराला बोंबही नीट मारता येईना. सासूबाई कपाटाकडे बघून म्हणाल्या, “मेलेली माणसं सुनांना नोकरीला पाठवतात होय? बरं आहे.” आणि एकट्याच हसत बसल्या. ह्यात रुकार होता की टोमणा, मला कळलं नाही.

दुसरा डाव ह्यांचा. बुधवारी ह्यांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत जाऊन सगळं सांगितलं. “तुम्ही विचारा ना आईंना. तुम्ही मुलगा आहात.”

“मला मधे घेऊ नकोस गं बाई,” हे म्हणाले. मागे बसचा भोंगा वाजत होता. “तुम्ही दोघी काय ते बघा. मी हो म्हणालो तर ती म्हणेल बायकोचं ऐकतो, नाही म्हणालो तर तू म्हणशील आईचं ऐकतो.”

“मग तुमचं स्वतःचं काय म्हणणं?”

“माझं? सिग्नल सुटला बघ.” आणि फोन बंद. हा माणूस घाटात बस मागे घेऊ शकतो, पण घरातल्या दोन बायकांमधून पुढे जाता येत नाही त्याला.

तिसरा डाव मात्र माझ्या मते बिनतोड होता. गुरुवारी दुपारी पत्ते काढले आणि ठरवलं की आज मुद्दाम हरायचं. सासूबाई सलग जिंकल्या की खुशीत येतील, आणि खुशीत आल्या की विचारायचं. म्हणून मी उघड उघड थापा मारायला लागले. हातात एक गुलाम नसताना ‘तीन गुलाम’ म्हणत होते, तेही मान खाली घालून, बोटं चाळवत. आंधळ्यालाही कळेल अशी थाप. पण सासूबाई आपल्या ‘बरं’ म्हणत होत्या. एकदाही ‘खोटं’ म्हणाल्या नाहीत. माझे पत्ते भराभर संपले आणि मी जिंकले. पुन्हा डाव मांडला, पुन्हा जिंकले. हरायला बसलेल्या माणसाला हरूही देईनात!

तिसऱ्या वेळी पत्ते वाटता वाटता माझा धीरच सुटला. सगळे डाव बाजूला राहिले आणि तोंडातून निघून गेलं, “आई, मला कारखान्यात नोकरी मिळतेय. सोमवारपासून. दिवसभराची. जाऊ का?”

सासूबाईंनी मान खिडकीकडे वळवली. पातेलं जवळ नव्हतं, एवढंच बरं.

“जा की,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “काय म्हणालात?”

“जा म्हटलं. दिवसभर ती मशीन कटकट करते, माझं डोकं उठतं. पत्ते वाट.”

“पण तुम्हाला... चालेल?”

“मला न चालायला काय झालं? मी कधी अडवलं तुला?”

मी हातातले पत्ते खाली ठेवले. “आई, लग्न झालं तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही पातेलं आपटलं होतंत.”

“कोणतं पातेलं?”

“ओट्यापाशी. झाकण फिरत गेलं होतं पार दारापर्यंत.”

सासूबाईंनी आठवून बघितलं. अगदी मनापासून बघितलं, हे मला दिसत होतं. “सुटलं असेल हातातून,” त्या म्हणाल्या. “गरम असेल.”

“आणि तो कापायचा वर्ग? तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपलात.”

“त्या कुशीवरच झोप लागते मला. अजून तशीच झोपते, बघत नाहीस का?” मग जराशा चिडूनच म्हणाल्या, “जायचं होतं तर जायचं होतंस. मी काय दारात आडवी पडले होते? मला वाटलं, तुलाच घरात बरं वाटतं. म्हटलं, आहे बाई घरकोंबडी, असू दे.”

मला आनंद व्हायला हवा होता. सुंठीवाचून खोकला गेला होता. पण मला आला तो संताप. इतका संताप की कानशिलं तापली. उमेदीची सगळी वर्षं मी ज्या माणसाच्या चाली ओळखत बसले, ते माणूस खेळतच नव्हतं! पातेलं नुसतं पातेलं होतं आणि कूस नुसती कूस. त्या भिंतीचे रंग मी कुणाच्या सांगण्यावरून बघत बसले होते?

मी उठून मशीनवर बसले आणि एक कॉलर अशी काही ओढली की टोक फाटून काडी आरपार बाहेर आली. फाटकी कॉलर परत द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. त्यांचं नेहमीसारखं चाललं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वतःच पत्ते काढले, पिसले आणि वाटले. “ये,” म्हणाल्या. मी गेले, पण रागातच. त्यांच्या तोंडाकडे बघायचंच नाही असं ठरवून बसले.

“दोन नव्व्या,” त्या म्हणाल्या.

“खोटं.” उलथले. एक पंजी, एक सत्ती. त्यांनी ढीग उचलला.

“एक एक्का.”

“खोटं.” चौकटची तिर्री.

“दोन दश्श्या.”

“खोटं.”

त्यांनी टाकायचं आणि मी ‘खोटं’ म्हणायचं, असं सुरू झालं. दहांतल्या नऊ वेळा मी बरोबर. एवढी वर्षं मी चहा, घाई, भुवई, बोटं असलं सगळं वाचत होते. काहीही न वाचता दर वेळी नुसतं ‘खोटं’ म्हटलं असतं तरी जन्मभर जिंकले असते, हे मला तेव्हा कळलं. राग थोडा उतरला आणि हसू यायला लागलं.

“दोन राजे,” सासूबाई म्हणाल्या.

“खोटं.” मी पत्ते उलथले. एक अठ्ठी होती. दुसऱ्या पत्त्यावर काहीच नव्हतं.

पत्त्यांच्या जोडात एक कोरा पत्ता येतो, एखादा हरवला तर त्याच्या जागी वापरायला. तो मी कायम डबीतच ठेवते. आज त्यांनी डबी रिकामी करताना तोही आत आला होता.

“आई, हा कोरा आहे.”

“मग? राजा म्हणूनच टाकला. बाकीचे तरी कुठे खरे होते?” आणि त्या हसल्या. पण हसायच्या आधी त्यांचा हात टेबलावर चाचपडत गेला, पत्ता सापडला, अंगठ्याने त्यांनी तो घासून बघितला. ते मी पाहिलं.

माझ्या हातात किलवरची नव्वी होती. मी ती त्यांच्या समोर धरली. “आणि हा बदामाचा एक्का तुम्ही कधीचा दाबून बसला होतात, हो ना?”

“तुला बरा दिसला,” सासूबाई म्हणाल्या. “मुद्दाम ठेवला होता शेवटी टाकायला.”

मी हात तसाच धरून ठेवला. सासूबाईंनी मान खिडकीकडे वळवली आणि डोळ्यांच्या कडेने माझ्या हाताकडे बघितलं. कडेने. कपाटाकडे, खिडकीकडे बघायच्या ते हेच होतं. मान वळवली तरच त्यांना समोरचं माणूस दिसत होतं.

“काळा आहे का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नव्वी आहे. किलवर.”

“हं.”

“कधीपासून?”

“झाले काही दिवस.” मग म्हणाल्या, “बरेच झाले. मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझं तोंड नाही दिसत, कान दिसतात. कानातलं नवीन केलंस ना मधे? ते दिसलं होतं.”

“सांगायचं नाही का आई?”

“सांगून काय झालं असतं? तू हातात ताट दिलं असतंस, चहा गार करून दिला असतास, सारखी ‘आई बघून, आई जपून’. निदान तुझ्याशी पत्ते खेळणं तरी उरलं होतं. आंधळ्या बाईशी कोण पत्ते खेळतं?”

मग मला आदल्या दिवशीचं आठवलं. मी मान खाली घालून, बोटं चाळवून थापा मारत होते, त्या त्यांना दिसत कुठे होत्या! आणि माझ्याच मनातलं ते ‘आंधळ्यालाही कळेल’ आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं.

शनिवारी सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, शांतपणे बोलत होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, दोन्ही डोळ्यांचा. ह्याला ऑपरेशन नाही, चष्मा नाही. आधी आणलं असतं तर थोडं थांबवता आलं असतं. “गॅसजवळ एकट्या जाऊ देऊ नका,” ती मला म्हणाली. “घरात कुणीतरी असतं ना दिवसभर?”

“असते,” मी म्हणाले.

झालं. परत येताना रिक्षात मी हिशेब करत बसले. हे आठवड्यातून दोन दिवस घरी. शेजारीण किती दिवस बघेल? बाई ठेवायची तर सासूबाई तिला उभी करणार नाहीत. कुठूनही सुरुवात केली तरी मी फिरून त्याच खिडकीशी येत होते, समोर तीच भिंत. दोन दिवसांपूर्वी दार उघडं आहे असं कळलं, आणि आता ते पुन्हा बंद झालं. ह्या खेपेला तर राग करायलाही कुणी नव्हतं. सासूबाई शेजारी बसून रस्त्याच्या कडा बघत होत्या. मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही मला कंटाळा आला होता. खरं सांगते, तसंच वाटलं.

घरी आल्यावर मी भात टाकला. मॅडमना फोन करून नाही म्हणायचं होतं, पण दोन घास खाल्ल्यावर करू म्हटलं. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर सासूबाई मोठ्या आकड्यांचा आपला फोन कानाला लावून बसलेल्या.

“उद्याच ये,” त्या बोलत होत्या. “गाडी घेऊन ये. नाही, काही झालं नाही. भांडण कशाला होईल? मला यायचंय म्हणून. आणि ऐक, त्या आतल्या खोलीतला पलंग भिंतीला लाव.”

पलीकडे ताई होत्या, माझ्या नणंदबाई. गावाच्या दुसऱ्या टोकाला, सहाव्या मजल्यावर राहतात. ताई मनाने चांगल्या, पण त्यांच्या घरात वारासुद्धा विचारून येतो. जेवण ठरल्या वेळी, झोप ठरल्या वेळी, खिडक्या बंद, मीठ कमी. मागे एकदा सासूबाई आठवडाभर राहायला म्हणून गेल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन परत आल्या. ‘तुरुंगात राहीन, पण पोरीकडे नाही,’ असं दारातच म्हणाल्या होत्या.

त्यांनी फोन ठेवला. मी म्हणाले, “आई, हे काय?”

“जाते तिच्याकडे राहायला.”

“किती दिवस?”

“आता तिथेच.”

“तुम्हाला करमत नाही तिथे.”

“तिच्याकडे टीव्ही मोठा आहे,” सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मान वळवली नाही. सरळ माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे त्यांना मी मुळीच दिसत नव्हते.

“माझ्या नोकरीसाठी जात असाल तर जाऊ नका,” मी म्हणाले. “मी नाही म्हणून सांगणार आहे मॅडमना. आत्ताच सांगते.”

“सांग नाहीतर नको सांगू. मी काय तुझ्यासाठी चाललेय?” त्या एकदम कडाडल्या. “सगळं जग तुझ्याभोवतीच फिरतं का गं? कुणी पातेलं पाडलं, ते तुझ्यासाठी. कुणी कूस बदलली, ती तुझ्यासाठी. मला माझ्या मुलीकडे जावंसं वाटू नये? पोटची पोर आहे माझी!”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. जुनी खोड. ओठ घट्ट होते, पण ओठ नेहमीच घट्ट असतात. हात मांडीवर होते. खरं असेल तर मी त्यांना अडवणारी कोण? आणि खोटं असेल, तर ते खोटं त्यांनी आपल्या हाताने, नीट विचार करून टाकलं होतं. मला कळेना. आणि कळेना म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगितलं. पण आत कुठेतरी मला आनंद होऊ लागला होता, आणि तो त्यांना दिसू शकत नव्हता ह्याचं मला बरं वाटलं. त्याची लाजही वाटली.

“शनिवार आहे ना आज?” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग त्या बाईला काय ते कळव. लोकांना ताटकळत ठेवू नये.”

मी त्यांच्या समोरच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “बोला.” मी सासूबाईंकडे बघितलं. त्या कान देऊन बसल्या होत्या. “येते,” मी म्हणाले. “सोमवारी.” मॅडम आणखी काही सांगत होत्या, साडेआठ वाजता या, डबा आणा. मी नुसतं हो हो म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा सासूबाई उठून आपल्या साड्या चाचपून बघायला लागल्या होत्या. कोणती कुठली हे त्यांना हाताला कळत होतं.

रविवारी सकाळी ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी तीन पिशव्या नको म्हणून बाजूला काढल्या आणि औषधं आपल्या पर्समध्ये टाकली. “वहिनी, मला आधी सांगायचं नाही का डोळ्यांचं?” म्हणून माझ्यावरही ओरडल्या. ते ओरडणं मी ऐकून घेतलं. हे घरी होते. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळ्यात जड बॅग उचलून खाली निघून गेले.

सासूबाईंनी कुणाचा हात धरला नाही. जिना त्यांना पाठ होता. भराभर उतरल्या, ताई मागून “आई, हळू! आई, कठडा!” म्हणत राहिल्या. वाटेत खालच्या मजल्यावरच्या उंच सुनेने विचारलं, “निघालात आजी?” तर तिच्या दाराच्या चौकटीकडे बघून म्हणाल्या, “हो, राहायला चाललेय मुलीकडे. बोलावलंय तिने.”

गाडीपाशी मात्र त्या थांबल्या. गाडी पाठ नव्हती. ताई पलीकडून बॅगा लावत होत्या. सासूबाई दाराकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. आपण वाट बघतोय असं दिसू नये म्हणून पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. मी पुढे होऊन दार उघडलं. हात दिला असता तर त्यांनी झटकला असता, म्हणून दिला नाही. दाराच्या वरच्या कडेला आतून तळहात लावून नुसती उभी राहिले.

त्या वाकल्या, पण हव्या तेवढ्या वाकल्या नाहीत. त्यांचं डोकं माझ्या तळहातावर आपटलं आणि तसंच थोडा वेळ टेकून राहिलं. केस विरळ झाले होते, आतली ऊब हाताला लागली.

“चांगली गाडी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “वरून मऊ केलीय.”

“हो आई.”

त्या आत सरकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीच्या काचेकडे मान वळवली. मी दार लावायच्या आत हात काढून घेतला.